मायनस आठपर्यंत चालतं!



या उन्हाळ्यात मला दोन घरांतून एकच प्रश्न आला, आणि दोन्ही घरांना हवं असलेलं उत्तर अगदी उलटं होतं. मी इथे न्यू जर्सीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून असले फोन माझ्याकडे येतात. पहिल्या घरातल्या मुलाला ॲनापोलिसच्या नेव्हल ॲकॅडमीत जायचंय. चष्म्याचा नंबर मायनस साडेपाच. बाबांना काळजी, की एवढा अभ्यास, एवढं पोहणं-धावणं करून शेवटी डोळ्यांपायी पोराचं घोडं अडणार. दुसऱ्या घरातली मुलगी हायस्कूल संपवून नॅशनल गार्डमध्ये नाव घालायला निघाली आहे. तिच्या आईने मला आवाज बारीक करून विचारलं, "अगं, तिला केवढा जाड चष्मा आहे, तिला घेणार नाहीत ना?" सगळा जोर त्या शेवटच्या 'ना'वर.

उत्तर दोघांनाही एकच. चष्मा आहे म्हणून अमेरिकन सैन्य कोणाला परत पाठवत नाही.

आपल्या पिढीच्या डोक्यात खडकवासला बसलेलं आहे. एनडीएच्या फ्लाइंग ब्रँचला चष्मा चालत नाही, एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. लष्करी शाखेत ठरावीक मर्यादेपर्यंत नंबर चालतो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्यामुळे 'चष्मा लागला, आता मिलिटरी विसर' हे वाक्य घराघरांत ऐकू यायचं. ढापण्या पोरांनी सी.ए. व्हावं, नाहीतर इंजिनियर व्हावं. तीच समजूत आपण बॅगेत भरून इकडे आणली.

इथला नियम वेगळ्या अंगाने विचार करतो. भरतीच्या वैद्यकीय कसोट्यांचं संरक्षण खात्याचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात मुख्य प्रश्न असा, की चष्मा लावल्यावर तुम्हाला किती दिसतं? नुसत्या डोळ्यांनी काय दिसतं हा नंतरचा भाग. चष्म्यासकट प्रत्येक डोळ्याने निदान २०/४० दिसलं, की चालतं.  (आपल्याकडचं ६/६ ते इथलं २०/२०. आपण अंतर मीटरमध्ये मोजतो, हे फुटांत.) मग नंबराची मर्यादा. मायनस किंवा प्लस आठ डायऑप्टरच्या पुढे गेलात तर अपात्र, आणि सिलिंड्रिकल नंबर तीनच्या वर असला तरी अपात्र. त्यातही सवलत मागता येते, तिला इथे वेव्हर म्हणतात. मिळेलच असं नाही, पण मागता येते.

मायनस आठ म्हणजे किती, ते सांगते. आपण ज्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या काचा म्हणायचो ना, त्याच्या आसपास. चष्मा काढला तर समोरच्याचं नाक हातभर अंतरावरूनही धड दिसणार नाही. तेवढ्यापर्यंत सैन्याची हरकत नाही!

आता पायलट, नेव्ही सील, डायव्हर यांचे नियम वेगळे आणि बरेच कडक आहेत, ते ज्याने त्याने त्या त्या शाखेकडून विचारून घ्यावेत. ॲकॅडम्यांची तपासणीही वेगळी समिती करते. पण साधी भरती, म्हणजे ज्यासाठी मुलं मेप्स नावाच्या केंद्रावर जातात (देशभरात अशी ६५ केंद्रं आहेत), तिथे चष्मा ही रोजची गोष्ट आहे. तपासणीला मात्र लेन्स घालून जाऊ नये. चष्मा आणि प्रिस्क्रिप्शनचा कागद बरोबर ठेवावा.

पेंटागॉनने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत १७ ते २४ वयाची ७७ टक्के मुलं-मुली सवलतीशिवाय भरतीला पात्र नव्हती. आकडा ऐकून आपण दचकतो, पण कारणं बघा. वजन, नशा, शारीरिक आणि मानसिक दुखणी. चष्मा त्या यादीत ठळक नाही. आणि असून चालणारही नाही, कारण चष्मेवाले वगळायचे म्हटले तर उरणार कोण?

हे मी उगाच बोलत नाही. १९७१-७२ मध्ये अमेरिकेत १२ ते ५४ वयोगटातल्या २५ टक्के लोकांना मायनस नंबर होता. १९९९ ते २००४ च्या पाहणीत तोच आकडा ४१.६ टक्के झाला. जेमतेम तीस वर्षांत. कृष्णवर्णीयांमध्ये तर १३ टक्क्यांवरून ३३.५ टक्के. एवढ्या वेगाने माणसाची गुणसूत्रं बदलत नाहीत, म्हणजे बदललं असणार ते जगणं.

गंमत म्हणजे या विषयाचा अभ्यासच शिपायांपासून सुरू झाला असं म्हणता येईल. १८१३ मध्ये लंडनच्या जेम्स वेअर नावाच्या नेत्रवैद्याने राजाच्या पायदळाच्या तीन रेजिमेंटच्या सर्जनांकडे चौकशी केली. जवळजवळ दहा हजार माणसं. त्यांच्यात गेल्या वीसेक वर्षांत या दोषापायी काढून टाकलेले शिपाई अर्धा डझनसुद्धा नव्हते, आणि नाकारलेले उमेदवारही अर्धा डझन नव्हते. मग त्याने ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पाहिलं, तर १२७ जणांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातात धरायची काच वापरत होते. शेतातून आलेले शिपाई आणि पुस्तकात डोकं घातलेले विद्यार्थी. दोनशे वर्षांपूर्वीच सगळी गोष्ट सांगून झाली होती, आपण फक्त नंतर आकडे भरत बसलो.

सक्तीची सैन्यभरती असलेल्या देशांत हे आकडे फार चांगले मिळतात. एका वयाच्या झाडून सगळ्या मुलांचे डोळे सरकारी खर्चाने तपासले जातात, आवडनिवड नाही. अमेरिकेत १९७३ पासून सक्ती नाही. ज्याला वाटतं तो जातो, त्यामुळे इथल्या रंगरुटांवरून अख्ख्या पिढीचा अंदाज बांधता येत नाही. बाहेर बघावं लागतं.

इस्रायलमध्ये १९९० साली भरती झालेल्यांपैकी २०.३ टक्क्यांना मायनस नंबर होता, २००२ मध्ये २८.३ टक्क्यांना. दक्षिण कोरियात सोल शहरातल्या १९ वर्षांच्या मुलांची २०१० ची तपासणी घ्या. ९६.५ टक्के! शंभरातले तीन-चार सोडले तर सगळे चष्मिस. त्यातही पाचातला एक फार मोठ्या नंबरचा. अशा देशाने चष्मेवाल्यांना नाकारायचं ठरवलं तर सीमेवर कोणाला उभं करणार?

पण मला सगळ्यात विचार करायला लावला तो सिंगापूरच्या आकड्यांनी, कारण त्यात 'आपले' लोक आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंधरा हजारांवर तरुण रंगरूट तपासले होते. चिनी वंशाच्या मुलांत ८२.२ टक्के, मलायांत ६५ टक्के, आणि भारतीय वंशाच्या मुलांत ६८.७ टक्के. आता याच सुमाराचे भारतातले आकडे बघा. २००२ मध्ये छापून आलेल्या पाहण्यांत आंध्रातल्या मेहबूबनगर जिल्ह्याच्या खेड्यांतल्या ७ ते १५ वयाच्या मुलांत ४.१ टक्के, आणि दिल्ली शहरातल्या ५ ते १५ वयाच्या मुलांत ७.४ टक्के. वयं वेगळी आहेत, त्यामुळे तंतोतंत तुलना नको. शाळकरी मुलांचा नंबर पुढे वाढतोच. तरी चार आणि अडुसष्ट यातलं अंतर केवळ वयाने भरून निघत नाही. रक्त तेच, आजी-आजोबा त्याच मातीतले. बदललं ते घर, शाळा आणि दिवसाचं वेळापत्रक. (दिल्लीतही २०१५ च्या अहवालात आकडा १३.१ वर गेलाच होता. म्हणजे 'फॉरेनला गेल्यामुळे झालं' असं म्हणायची सोय नाही.)

अलास्कातल्या बॅरो गावचं उदाहरण आमच्या शिक्षणात हमखास यायचं. १९६९ मध्ये तिथल्या एस्किमो कुटुंबांची तपासणी झाली. म्हाताऱ्या पिढीतल्या १३१ जणांपैकी फक्त दोघांना मायनस नंबर. त्यांच्या शाळेत जाणाऱ्या नातवंडांत मात्र निम्म्याहून जास्त. आजोबा सील मासे मारत बर्फावर फिरले, नातू बाकावर बसला.

डोळ्यात नेमकं होतं काय? मोठ्या माणसाचा डोळा समोरून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. वाढीच्या वयात तो प्रमाणाबाहेर लांबला, की प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते आणि लांबचं धूसर दिसतं. एका मिलिमीटरला साधारण अडीच ते तीन नंबर, असा ढोबळ हिशेब. आपल्या शाळेच्या विज्ञानात याला निकटदृष्टिता म्हणायचे आणि उलट दोषाला दूरदृष्टिता. मला तेव्हा फार हसू यायचं, कारण मराठीच्या तासाला दूरदृष्टी हा शिवाजी महाराजांचा गुण आणि पुढच्या तासाला तोच डोळ्यांचा रोग!

एकदा लांबलेला डोळा आखूड होत नाही. गाजरं खाऊन नाही, पहाटे दवबिंदूंवर चालून नाही, त्राटक करून नाही. लेसर करूनही नाही. लेसरने बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो, चष्मा जातो, पण मागे डोळा तेवढाच लांब राहतो. म्हणून मायनस सहाच्या पुढच्यांनी, चष्मा गेला असला तरी, मागचा पडदा वेळोवेळी तपासून घ्यावा. लांब डोळ्यात तो ताणलेला असतो, सुटण्याचा धोका जास्त असतो. अचानक विजा चमकल्यासारख्या दिसल्या, काळे ठिपके वाढले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. हे मी त्या दोन्ही घरांत सांगितलं, कारण दोन्ही मुलं आता उड्या, कुस्त्या आणि दोरावरच्या कसरती करणार आहेत.

लेसरची कथा सैन्यात फारच रंगतदार आहे. १९९३ मध्ये नौदलाने सॅन डिएगोच्या आपल्या रुग्णालयात पीआरके शस्त्रक्रियेवर संशोधन सुरू केलं. त्याचे प्रमुख डॉ. स्टीव्हन शॅलहॉर्न हे आधी स्वतः एफ-१४ विमान उडवणारे वैमानिक होते, मग डोळ्यांचे डॉक्टर झाले. लॅसिकमध्ये बुबुळावर पातळ झाकण कापून उचलतात आणि परत बसवतात. मारामारीत, स्फोटात ते झाकण सरकलं तर काय, ही नौदलाची भीती. पीआरकेमध्ये झाकण नसतं. वरचा थर काढतात, तो काही दिवसांत परत येतो. दुखतं जास्त, वेळ लागतो, पण पक्कं काम. लष्कराने २००० मध्ये आपला कार्यक्रम सुरू केला. हवाई दलाने २००७ मध्ये वैमानिकांसाठी लॅसिकही मान्य केलं आणि त्याच वर्षी नासाने अंतराळवीरांसाठी.

आणि मग ॲनापोलिसमध्ये भलताच घोळ झाला. २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली होती, की तिथल्या हजारेक मुलांच्या प्रत्येक तुकडीतली जवळजवळ एक तृतीयांश मुलं ही शस्त्रक्रिया करून घेतायत. पूर्वी ज्यांचे डोळे अधू त्यांना विमानं मिळायची नाहीत, म्हणून ती हुशार पोरं मुकाट पाणबुडीत जायची. डोळे सुधारल्यावर सगळ्यांना आकाश खुलं झालं आणि पाणबुडीवाले अधिकारी शोधत बसले. म्हणजे इतकी वर्षं पाणबुड्या चालत होत्या त्या मायनस नंबराच्या जिवावर!

पहिल्या घरातल्या बाबांना हे सगळं ऐकून एवढा हुरूप आला, की "मग आत्ताच लेसर करून टाकू का?" म्हणाले. मी स्पष्ट नाही म्हटलं. मुलगा सतरा वर्षांचा आहे, नंबर अजून सरकतोय. नियम असा, की भरतीआधी लेसर केलं असेल तर निदान १८० दिवस झालेले असावेत, नंबर स्थिर असावा, काही गुंतागुंत उरलेली नसावी, आणि शस्त्रक्रियेच्या आधीचा नंबरसुद्धा आठच्या आतच असावा. म्हणजे मायनस दहाचा माणूस लेसर करून शून्यावर आला, तरी कागदावर तो मायनस दहाच. का, ते वर आलंच आहे. आणि बुबुळावर चिरा देऊन नंबर घालवायची जुनी पद्धत, आर.के., केलेली असेल तर ती सरळ अपात्रता. आत गेल्यावर वरिष्ठांच्या परवानगीने सैन्य स्वतःच्या खर्चाने पीआरके करून देतं. मग आत्ता खिशातले चार-पाच हजार डॉलर कशाला घालवायचे?

तोवर चष्मा. बेसिक ट्रेनिंगमध्ये कॉन्टॅक्ट लेन्स चालत नाहीत, धूळ आणि घाण एवढी असते. सरकारी चष्मा मिळतो. हा चष्मा एके काळी इतका कुरूप होता, जाड तपकिरी प्लॅस्टिकचा, की पोरांनी त्याचं नाव 'बर्थ कंट्रोल ग्लासेस' ठेवलं होतं. हा लावून कोणी मुलगी जवळ येणारच नाही, असा अर्थ. २०१२ मध्ये तो बदलून जरा बरी काळी फ्रेम आणली. शिवाय गॅस मास्कच्या आत बसणारी वेगळी काच, गोळीबारापासून बचाव करणाऱ्या गॉगलच्या आतली वेगळी. व्हर्जिनियात यॉर्कटाऊनला नौदलाची मोठी प्रयोगशाळाच आहे या कामाला. एका शिपायामागे चष्म्याचा एवढा संसार.

या देशाची परंपराही पाहा. थिओडोर रूझवेल्ट ठार मायनस नंबरवाले. १८९८ मध्ये क्यूबात लढायला गेले तेव्हा चष्म्याच्या कितीतरी जोड्या कपड्यांत आणि टोपीत लपवून नेल्या होत्या. पुढे १९१२ मध्ये मिलवॉकीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा खिशातल्या भाषणाच्या जाड घडीबरोबर चष्म्याच्या लोखंडी डबीनेही गोळीचा जोर मोडला. चष्म्यामुळे जीव वाचलेला असा दुसरा राष्ट्राध्यक्ष नसेल. आणि हॅरी ट्रुमन! डाव्या डोळ्याने नुसतं २०/४०० दिसणारा माणूस. वेस्ट पॉइंटचं दार डोळ्यांमुळे बंद झालं. १९०५ मध्ये मिसूरीच्या नॅशनल गार्डमध्ये घुसायला या गृहस्थाने डोळे तपासायचा तक्ता चक्क पाठ केला. घोकंपट्टीत आपल्या कुठल्याही शाळेत पहिला आला असता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्याचा कप्तान म्हणून लढला. हे मी दुसऱ्या घरातल्या आईला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "तू माझ्या बाजूची आहेस की सैन्याच्या?"

मी तिला एवढंच म्हटलं, की तिला जाऊ द्यायचं नसेल तर समोर बसून बोल, चष्म्याच्या आड लपू नकोस. भीती खरी आहे, ती खरी म्हणूनच सांग. त्यावर काय बोलणं झालं ते त्यांच्या घरातलं, इथे लिहायचं नाही.

माझं स्वतःचं लक्ष या दोघांपेक्षा त्यांच्या धाकट्या भावंडांकडे आहे, सहा-सात-आठ वर्षांची. अठराव्या वर्षी फक्त नंबर मोजता येतो, तो ठरतो या वयात. सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत ३.३ टक्के. वाचन सिडनीच्या मुलांचं कमी नव्हतं. फरक होता तो उघड्यावरच्या वेळात, सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात तीन. बाहेरच्या उजेडाने पडद्यात डोपामिन स्रवतं आणि डोळ्याची लांबी वाढणं आवरतं, असा तर्क आहे. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स. बाहेर ढगाळ दिवशीही त्याच्या कितीतरी पट. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर काढलं, तर तीन वर्षांत नव्याने नंबर लागलेली मुलं ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के झाली. फार मोठा चमत्कार नाही, पण फुकट आहे.

आपल्या घरांचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. शाळा, मग कुमॉन, मग पियानो, मग स्पेलिंग बी, शनिवारी बुद्धिबळ. बाहेर फक्त गाडीपर्यंत. जानेवारीत तर तेही पळत. रोज दोन तास बाहेर हा सल्ला मी देते तेव्हा आईबाप माझ्याकडे असे बघतात, जणू मी मुलाला शिकारीला पाठवायला सांगतेय. नंबर लागलाच असेल तर वाढ कमी करायला आता ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब डॉक्टर देतात, आणि मुलांसाठी खास लेन्स आहेत, त्यातली पहिली २०१९ मध्ये इथे मंजूर झाली. दोन्हीचा उपयोग लवकर सुरू केला तरच. शाळेतल्या तपासणीवर विसंबू नका, वर्षातून एकदा थेंब घालून नीट तपासा.

आमच्या मराठी शाळेचा रविवारचा वर्ग एका तळघरात भरतो, खिडकी एक, तीही पार्किंगकडे. मे ते सप्टेंबर हा वर्ग मागच्या मैदानात मेपलखाली घ्यावा, असा प्रस्ताव मी मंडळाच्या बैठकीत मांडला आहे. बाराखडीला छत लागत नाही. खुर्च्या कोण उचलणार यावर चर्चा अडली आहे.